एक ठोका म्हणजे हळू

भोक पाडल्याशिवाय जोड होत नाही, हे मी आजवर किती जणांना समजावलं असेल त्याची गणती नाही. त्यातल्या कितींना पटलं, ते मात्र सांगता येणार नाही. माझ्या बायकोला तर अजून पटलेलं नाही. "भोक बुजवाले माणूस ठेवतेत का पाडाले?" असं तिने लग्नानंतर महिन्याभरात विचारलं होतं. त्याचं धड उत्तर मला अजून सुचायचं आहे.

माझं काम प्लाझ्मा वेल्डिंगचं. भंडाऱ्याजवळच्या एका कारखान्यात निवृत्त होईपर्यंत मी स्टेनलेस स्टीलची भांडी जोडली. भांडी म्हणजे औषधांच्या कारखान्यांना लागणारी, आत माणूस सहज बसेल एवढी मोठी. पण आमच्या गावात भांडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पितळच येतं. एकदा एक गृहस्थ पाणी भरायचा, चीर गेलेला पितळी गुंड सायकलला बांधून फाटकाशी हजर झाले. "तुमची मशीन लय भारी आहे म्हणतेत. एवढी चीर जोडून द्या जी." मी सांगितलं, काका, पितळेत जस्त असतं, आमच्या आचेला ते टिकत नाही. पांढरा धूर होऊन उडून जातं, आणि तो धूर ज्याच्या छातीत गेला त्याला संध्याकाळी ताप भरतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग येवढी मोठी मशीन कोन्या कामाची?" गावातल्या कारागिराने तो गुंड अर्ध्या तासात झाळून दिला, असं नंतर कळलं. त्या दिवशी माझा चेहरा जरा उतरलाच होता.

तर मशीन कोण्या कामाची, ते सांगतो. मला स्वतःला समजायला दोन वर्षं लागली, तेव्हा तुम्ही पहिल्या वाचनात गोंधळलात तर मनाला लावून घेऊ नका.

विजेची ठिणगी सतत पेटती ठेवली की तिला आर्क म्हणतात. रस्त्यावरच्या दुकानात खिडकीची जाळी जोडतात, तिथे कांडी स्वतःच वितळून जोडात भरते. त्याच्या वरची पायरी आर्गॉन वेल्डिंगची. तिथे टंगस्टनची सुई असते, ती वितळत नाही, पण तिच्या टोकाशी निघालेला आर्क खाली जाताना पसरतो. प्लाझ्मामध्ये हीच सुई तांब्याच्या टोपीच्या आत दडवलेली असते. टोपीला पुढे दोन-अडीच मिलिमीटरचं भोक. आर्कला आणि आर्गॉन गॅसला, दोघांनाही त्या एवढ्याशा भोकातूनच बाहेर पडावं लागतं. बांधीला, म्हणजे धानाच्या वाफ्याला, पाणी देताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार कशी बारीक होऊन लांब जाते, तसंच. आतला गॅस इतका तापतो की तो साधा गॅस राहत नाही, वीज वाहून नेणारा झोत होतो. त्या झोतालाच प्लाझ्मा म्हणतात. तांब्याची टोपी वितळू नये म्हणून तिच्यातून पाणी फिरवतात आणि जोडाला हवा लागून तो काळा पडू नये म्हणून बाहेरून दुसऱ्या गॅसचा पडदा धरतात.

हा झोत सहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून आरपार जातो. भोक पडतं. मग पत्रा हळूहळू सरकवायचा. भोकाच्या पुढचं पोलाद वितळतं, कडेकडेने मागे वाहतं आणि मागे जाऊन मिटतं. भोक पुढे चालत राहतं आणि त्याच्या मागे शिवण उरते. एका फेरीत काम. कडा तासायच्या नाहीत, थरावर थर द्यायचे नाहीत. मात्र मध्येच थांबायची सोय नाही. थांबलात की भोक तिथेच उघडं राहतं. मग ते खरवडा, भरा, पुन्हा तपासा, आणि ती शिवण जन्मभर ठिगळाची.

याच झोताचा जोर वाढवला की तो कापतो, आणि खूप कमी केला की कागदासारखे पत्रे, बारीक जाळ्या, शस्त्रक्रियेची हत्यारंसुद्धा जोडतो. विमानाच्या इंजिनाची झिजलेली पाती त्याने भरून काढतात. ते नाजूक काम मी फक्त एकदा नागपूरच्या प्रदर्शनात पाहिलं. मी भांडीवालाच.

आता खरी गोम ऐका. भोक नीट पडलंय की नाही, हे वरून दिसत नाही. काळ्या काचेतून वरच्या माणसाला नुसता लखलखाट दिसतो. कळतं ते पत्र्याच्या दुसऱ्या बाजूने. तिथे झोताची निळसर शेपूट बाहेर येते. शेपूट सरळ आणि ठाम असेल तर सगळं ठीक. बारीक व्हायला लागली तर झोत आरपार जात नाहीये, वेग कमी करायला हवा. जाड आणि फाकलेली दिसली तर भोक मोठं झालंय, वेग वाढवायला हवा. म्हणून आमच्याकडे एक माणूस भांड्याच्या आत बसायचा. वर टॉर्च, म्हणजे ती सुई आणि टोपी बसवलेली मूठ, जागच्या जागी, खाली रोलरवर भांडं गोल फिरतंय, आणि आतला माणूस फिरत्या तळावर बसल्या बसल्या सरकत, मान वर करून शेपूट बघतोय. भांड्याची एक फेरी वीस मिनिटांची.

तो आतला माणूस म्हणजे दयाराम. वैनगंगेपलीकडच्या कारध्याचा, घरी थोडी धानाची बांधी, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आमची भाषा ठोक्यांची होती. एक ठोका म्हणजे हळू. दोन म्हणजे वेग वाढव. तीन म्हणजे थांब. आणि ठोका नाही म्हणजे सगळं उत्तम. ठोकायला त्याने घरून खलाचा पितळी बत्ता आणला होता, कारण लोखंडाचा पाना स्टेनलेसला घासला की तिथे पुढे गंज धरतो. वैनीने महिनाभर त्या बत्त्यासाठी त्याच्याशी भांडण केलं, असं तो हसत सांगायचा.

जोड पूर्ण झाला की मी त्याच्या शेजारी माझा नंबर ठोकायचो. सतरा. ज्याची परीक्षा पास त्याचाच नंबर, हा नियम. दयारामची परीक्षा कधी झालीच नाही, कारण आत बसून वर बघण्याची परीक्षा कुणी घेत नाही. हे मला त्या वेळी कधी खटकलं नाही. आता खटकतं, आणि तेव्हा का खटकलं नाही हेही नीट उमगत नाही.

त्या दिवशी भांड्याचं दुसरं झाकण जोडायचं होतं. झाकण म्हणजे बशीसारखा फुगीर पत्रा. पहिल्या बाजूचं झाकण आधीच लागलेलं, त्याच्या मधोमध माणूस जाण्यापुरतं तोंड. दुसरं झाकण लागलं की तेवढं तोंड सोडून भांडं बंद. दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही लागलो. फेरीआधी भांड्यालाच लावलेल्या चाचणीच्या तुकड्यावर वीतभर शिवण घालून पाहिली, तिची आतली बाजू काळपट येतेय, असं दयारामनेच भांड्याच्या तोंडातून ओरडून सांगितलं. कारण सरळ होतं. आतल्या बाजूलाही आम्ही आर्गॉन सोडायचो, म्हणजे शिवणीच्या पाठीला हवा लागत नाही. आणि माणसासाठी ब्लोअरने ताजी हवा आत ढकलायचो. ब्लोअरची हवा आर्गॉनला उडवत होती.

"ब्लोअर बंद करतो दयाराम भाऊ," मी म्हणालो. "एका फेरीपुरता."

"कर न गा. कायले घाबरतं?" तो आतून म्हणाला.

आर्गॉनला वास नाही, रंग नाही, तो विषारीही नाही. हवेपेक्षा जड असतो, एवढंच. तो तळाशी साचतो आणि श्वासातली हवा हळूच बाजूला सारतो. हे मला माहीत होतं. दयारामलाही माहीत होतं. भिंतीवर तसा फलक होता. आणि तरी आम्ही ब्लोअर बंद केला, कारण शिवण काळी पडत होती. या वाक्यावर मी अनेकदा अडखळलो आहे. दोन शहाणी माणसं असं कसं करतात, ते मला अजून सांगता येत नाही.

फेरी सुरू झाली. पहिल्या दहा मिनिटांत दोन-तीन वेळा खुणेचे ठोके आले, मी वेग कमी-जास्त केला. मग बराच वेळ शांत. शांत म्हणजे उत्तम. पाऊण फेरी झाली असेल, तेव्हा एक ठोका आला. टण्. नेहमीपेक्षा जरा जड वाटला, पण एकच. एक म्हणजे हळू. मी वेग एक घर कमी केला. त्यानंतर काहीच नाही. काहीतरी घासल्यासारखा आवाज येत होता, तो गॅसच्या नळीचा असेल असं मला वाटलं. मी मनात म्हणालो, आज शेपूट काय सरळ लागली आहे! शिवण सुरुवातीच्या टोकावर चढवली, करंट हळूहळू उतरवला, भोक मिटलं. मुखवटा वर केला आणि हाक मारली, "निघ गा बाहेर, झाली एकदाची."

पुन्हा हाक मारत मी उतरून पलीकडे गेलो.

भांड्याच्या तोंडातून मी डोकावलो तर तो तळाशी कुशीवर पडलेला, एक हात डोक्याखाली, जेवण झाल्यावर लवंडलेला असावा तसा. बत्ता त्याच्या पायापाशी. मी तसाच आत घुसणार होतो. शेजारीच काम करणाऱ्या पॉलिशवाल्या दोघांनी मला कमरेला धरून मागे ओढलं. बरं झालं ओढलं, कारण अशा वेळी वाचवायला गेलेलाच आधी जातो. त्यांनी आर्गॉन बंद केला, ब्लोअर लावला, कॉम्प्रेसरची हवा आत सोडली, आणि मग त्याचे पाय धरून त्याला बाहेर काढलं. मी काय करत होतो, ते मला आठवत नाही. कुणी म्हणतं मी ओरडत होतो, कुणी म्हणतं मी मुखवटा हातात धरून नुसता उभा होतो.

अंगणात मोकळ्या हवेत त्याने डोळे उघडले. सरकारी दवाखान्यात तीन दिवस काढले आणि चालत घरी गेला. इतकं चांगलं नशीब या कामात फार थोड्यांचं असतं.

चौथ्या दिवशी त्या जोडाचा एक्स-रे झाला. मुखर्जी साहेब तपासणीचे प्रमुख. फिल्म दिव्यासमोर धरून त्यांनी ती टोकापासून टोकापर्यंत पाहिली. एक ठिपका नाही, एक पोकळी नाही. "सत्रह नंबर, ऐसा जोड़ मैंने यहाँ नहीं देखा," ते म्हणाले. मग चौकशीला बसले. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली. अंदर से सिग्नल मिला था?

मी म्हणालो, "नाही साहेब. बेशुद्ध झाला तेव्हा हातातला बत्ता पडला, त्याचा आवाज झाला. सिग्नल नाही मिळाला."

असं का म्हणालो? या प्रश्नावर मी इतक्या वेळा विचार केला आहे की आता उत्तरांचीच गर्दी झाली आहे. मला वाटलं होतं मी दयारामला वाचवतोय. सिग्नल दिला म्हटलं तर ते विचारणार, शुद्धीत होता तर बाहेर का आला नाही, नियम का मोडला. की मला स्वतःलाच वाचवायचं होतं? ठोका ऐकूनही आत काय चाललंय ते मी पाहिलं नाही, असं कुणी म्हणू नये म्हणून? दोन्ही असेल. खरं म्हणजे त्या वेळी मला बत्ताच पडला असं मनापासून वाटत होतं, असंही कधी कधी वाटतं.

परिणाम मात्र साफ होता. साहेबांनी अहवालात लिहिलं की आतला माणूस बेशुद्ध असताना जोड निर्दोष आला, म्हणजे आत माणसाची गरज नाही. महिन्याभरात आत कॅमेरा बसला. निर्णय चांगलाच होता, माणसाने त्या भांड्यात बसूच नये. दयारामला स्टोअरमध्ये पाठवलं, हातमोजे आणि टंगस्टनच्या सुया मोजून द्यायला. ती फिल्म प्रशिक्षणाच्या खोलीत काचेमागे लावली. खाली लिहिलं, वेल्डर क्रमांक सतरा. मी निवृत्त झालो तेव्हा ती मला भेट दिली.

स्टोअरच्या खिडकीत दयाराम मला रोज दिसायचा. "हातमोजे घे, सही कर," एवढंच बोलायचा. पूर्वी आम्ही एका डब्यात जेवायचो. तो रागावला आहे हे कळत होतं, पण कशासाठी, ते मला कळत नव्हतं. ब्लोअर बंद केल्यासाठी असणार, असं मी धरून चाललो. तो राग रास्तच होता, म्हणून मी कधी विचारलं नाही.

या दिवाळी अंकासाठी हे लिहायला बसलो आणि ठोक्यापाशी येऊन अडलो. बत्ता पडला असं लिहून टाकावं, तर हात चालेना. शेवटी फिल्म पिशवीत घातली आणि पूल ओलांडून कारध्याला गेलो. दयाराम पडवीत बसून धान पाखडणाऱ्या वैनीला सूचना करत होता आणि वैनी त्या ऐकत नव्हती.

चहा झाला. मी फिल्म काढली. त्याने ती उन्हाकडे धरली, डोळे बारीक केले.

"इथं," तो बोट ठेवून म्हणाला. "इथं बारीक झाली होती शेपूट. इथंच मी ठोकलो."

मी म्हणालो, "ठोकला? बत्ता पडला होता न दयाराम भाऊ?"

फिल्म त्याने मांडीवर ठेवली. इतक्या वर्षांचा राग पहिल्यांदा त्याच्या तोंडावर सरळ दिसला.

"पडला, मंग पडला, माह्या मांडीवर. आंधी ठोकलो. एक ठोका. माहे हातपाय गळून राहिले होते, डोकं हलकं हलकं झालं होतं, अन् शेपूट बारीक होऊन राहिली होती. मी ठोकलो. तू सायबाले सांगतला का बत्ता पडला! मी का शिंकं होतो का गा, का पडन अन् आवाज होईन?"

वैनी सूप थांबवून म्हणाली, "हे गोष्ट यायनं मले पन्नास डाव सांगतली जी. तुमाले नाही सांगतली?"

मला सांगितली नव्हती. मी विचारली नव्हती.

मग एकदम संताप आला, कुणाचा ते कळेना. "डोकं हलकं झालं होतं तं तीन काहून नाही ठोकला?" मी जवळजवळ ओरडलोच. "तीन ठोकला असता तं मी थांबलो असतो!"

"थांबला असता, म्हणून तं नाही ठोकलो," दयाराम म्हणाला. "थांबला असता तं भोक उघडं राह्यलं असतं. पाऊण फेरी येवढी सुंदर आली होती."

एका औषधाच्या भांड्यासाठी! जे भांडं आज कुठल्या कारखान्यात आहे, आहे की भंगारात गेलं, हे आम्हा दोघांनाही माहीत नाही. मला त्याचे पाय धरावेसे वाटले आणि एक थोबाडीत द्यावीशीही वाटली.

घरी येताना पुलावर थांबलो. एक शंका मनातून जाईना, ती इथे लिहिलीच पाहिजे. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं की अशा हवेत माणसाला आधी गुंगी येते, बरं वाटतं, भीती जाते, आणि नंतर काय झालं ते नीट आठवत नाही. मग दयारामची ही आठवण खरी, की खिडकीत हातमोजे मोजता मोजता त्याने ती घडवली? मला माहीत नाही. शपथेवर विचारलं तर मी सांगू शकणार नाही.

पण एक गोष्ट मी शपथेवर सांगू शकतो, आणि ती सांगायला मला इतकी वर्षं लागली याची मला लाज वाटते. तो आवाज झाला तेव्हा मी वेग एक घर कमी केला होता. तेवढ्यानेच शेपूट पुन्हा सरळ झाली असणार आणि तेवढ्यानेच ती फिल्म तशी आली असणार. पडलेल्या बत्त्यासाठी कुणी वेग कमी करत नाही. साहेबांनी विचारलं, सिग्नल मिळाला होता का, आणि मी नाही म्हणालो.

मिळाला होता. एक ठोका. हळू.